होल्ड करा हं

इमारतीत तिला सगळे हॅलोमावशी म्हणत. जिन्यात कुणीही भेटलं की तिच्या तोंडून आधी ‘हॅलो’ निघायचं, मग ‘काय, कसं काय’. त्या हॅलोत असा गोडवा होता की वरच्या मजल्यावरचा खडूस वकीलसुद्धा क्षणभर पायरीवर थांबायचा. आवाज हीच तिची इस्टेट. बाकी बाई ठेंगणी, जाड भिंगांची, चालताना एका अंगाला किंचित कलणारी. पण नुसता आवाज ऐकणाऱ्याने मनात भलतीच कुणी उभी करावी. इस्पितळातल्या काही तरुण डॉक्टरांनी केलीही होती, आणि प्रत्यक्ष भेटीत त्यांचे पडलेले चेहरे पाहून ती पोट धरून हसायची.

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत तिने उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. भिंतीला वाफेचे पाइप, टेबलावर बटणांचा बोर्ड, खुर्चीवर तिने घरून आणलेली उशी. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय हे तिला फोन करणाऱ्यांकडून कळायचं. तिला काम शिकवणाऱ्या बाई जुन्या खोडाच्या, करड्या शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बजावल्या होत्या. होल्डवर ठेवलेल्या माणसाला विसरायचं नाही. जोडून दिलेल्या लाइनवर कान ठेवायचा नाही. आणि फोन ज्याने केला त्याने आधी ठेवायचा, आपण नाही. “तो अडचणीत असतो म्हणून फोन करतो. आपण आधी ठेवला तर त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं,” त्या म्हणायच्या.

मावशीने हे तिन्ही नियम अंगात भिनवून घेतले. “होल्ड करा हं, देते जोडून,” हे तिचं दिवसभराचं पालुपद. आणि होल्डवर ठेवलं की मधूनमधून परत यायचं, विचारायचं, “आहात ना? सोडू नका हं.” एकदा एका माणसाने कुठून तरी लांबून फोन केला. बायको बाळंतपणाच्या खोलीत, डॉक्टर आत, बाहेर सांगायला कुणी नाही. मावशी परत परत त्याच्याकडे येत राहिली. “आहात ना?” “आहे.” “आहात ना?” “आहे हो.” शेवटी वरून निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. ते ऐकून तो गडी हमसून रडायला लागला आणि त्याला काही फोन ठेवता येईना. बोर्डावरचे दिवे लुकलुकत होते, शेजारची ऑपरेटर डोळे वटारत होती, पण मावशीने लाइन धरून ठेवली. त्याचं रडून झालं, नाक शिंकरून झालं, त्याने ठेवला, मग तिने ठेवला.

तेव्हा होल्ड या शब्दावर तिचा असा विश्वास होता. होल्डवरच्या माणसाला शेवटी कुणीतरी भेटतंच. तिने स्वतःच हजारोंना भेटवून दिलं होतं, मग शंका येणार कशी?

पुढे यंत्र आलं. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा. साहेब लोकांनी तिला फुलं दिली, चहा दिला, भाषणात तिच्या आवाजाला इस्पितळाचा आत्मा वगैरे म्हणाले, आणि आत्म्याला मुदतीआधीच घरी पाठवून दिलं. यंत्रात निदान तिचा आवाज तरी भरायचा, पण तेवढंही कुणाला सुचलं नाही. त्यात कुठल्याशा पोरीचा थंड, इस्त्री केलेला आवाज आहे. मावशीने एकदा घरून फोन लावून ऐकला आणि कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून ऐकायचा नाही.

घरी होती ताई. मावशीची थोरली बहीण, शिवणकामात हयात घालवलेली, मावशीसारखीच एकटी राहिलेली. दोघींच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ताईचे कान हळूहळू जात जात पार गेले होते. कानामागे लावायचं यंत्रही निरुपयोगी झालं होतं. ती माणसाच्या ओठांकडे बघून बोलणं वाचायची. मावशीही घरात तिच्यासमोर उभी राहून, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलायची. अशा बोलण्यात आवाजाला काय किंमत? जिच्या आवाजावर लोक पायरीवर थांबत, ती घरात मुकी असली तरी चाललं असतं. हे ती ताईला कधी बोलली नाही, पण आत ते सलत होतं.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्यात एक यंत्र बसवलं तर ऐकू येईल. खर्च डोळे पांढरे करणारा. दोघींनी पोटाला चिमटा काढून पैसे साठवायला घेतले होते, आणि घरात त्यांना नाव पडलं होतं ‘कानाचे पैसे’. कानाचे पैसे बँकेत दोघींच्या नावावर होते. कुठलीही हौस डोकं वर काढू लागली की ताई आपल्या कानाकडे बोट दाखवायची, हौस मुकाट बसायची. रक्कम आता साध्या यंत्रापुरती आली होती. चांगल्या यंत्राला, फोनवरचंसुद्धा ऐकू येईल अशा यंत्राला, अजून बरंच अंतर होतं. आणि मावशीला हवं होतं ते चांगलंच.

घरी बसल्यापासून तिचा पाय ठरत नव्हता. सकाळी खुर्ची खिडकीशी ओढायची, दुपारी परत भिंतीशी. भाजी निवडायला बसली की मध्येच उठून दिवाणखान्यात जायची, फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायची, आतला सूर येतोय ना बघायची आणि ठेवायची. सूर यायचाच. फोन मात्र यायचा नाही. शिवणयंत्रावर बसलेली ताई चष्म्यावरून तिच्याकडे बघायची.

“काय शोधतेस?” ताई विचारायची, जरा मोठ्यानेच, कारण स्वतःचा आवाज तिला कळायचा नाही.

“काही नाही,” मावशी ओठ रुंद करून सांगायची.

“मग बस की एका जागी. तुझ्यामुळे माझा दोरा तुटतो.”

अशा एका सकाळी फोन वाजला आणि मावशीने भाजीचं ताट बाजूला सारून झडप घातली. “हॅलो!”

पलीकडे एक पुरुष. आवाज भरदार, घाई नसलेला. म्हणाला, “मॅडम, आपण मला ओळखत नाही. मी उंची वाइनमधल्या गुंतवणुकीसंदर्भात बोलतोय. दोन मिनिटं आहेत का?”

दोन मिनिटं! तिच्याकडे अख्खा दिवस होता, आणि पुढचाही.

तिने वाइन कधी तोंडाला लावली नव्हती. दारू, वाइन, खोकल्याचं औषध, सगळं तिच्या लेखी एकाच कपाटातलं. तसं ती म्हणालीही. तो मोकळेपणाने हसला. “मॅडम, प्यायची कुणाला आहे? परदेशातल्या जुन्या द्राक्षमळ्यातली ही वाइन. वर्षं जातील तशी मिळेनाशी होते आणि भाव चढत जातो. सोनं कधी वर कधी खाली, जमिनीत भाऊबंदकी. बाटलीला ना भाऊ ना बंद. ती आमच्या थंड गोदामात झोपून राहणार, तुम्ही फक्त होल्ड करायचं.”

“होल्ड करायचं,” मावशी म्हणाली.

“बस. बाकी काही नाही.”

तिने आयुष्यभर लोकांना जे करायला सांगितलं होतं तेच आता कुणी तिला सांगत होतं. तिला गंमत वाटली. तुमचा नंबर मला कुणी दिला, मी तुम्हाला कधी विचारलं होतं, हे प्रश्न त्याच वेळी विचारायला हवे होते. नाही विचारले. न सांगता आलेल्या पाहुण्याला कुणी दारात उभं ठेवतं, कुणी आधी पाणी देतं. मावशी पाणी देणाऱ्यांपैकी.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नंतर रोजच यायला लागला. वाइनचं बोलणं थोडं आणि इकडचं तिकडचं जास्त. तिची झोप, तिचे गुडघे, तिने इस्पितळात काढलेली वर्षं, सगळं त्याला ऐकायचं असायचं. मॅडमची आठवडाभरात मावशी झाली. आणि एकदा तो बोलता बोलता थांबला. खोल श्वास घेऊन म्हणाला, “खरं सांगू मावशी? तुमचा आवाज ऐकला की माझी आई आठवते हो. ती गेली तेव्हा मी लांब होतो. शेवटचं बोलणंही फोनवरच झालं.” पुढे त्याला बोलवेना. मावशी हळूच म्हणाली, “आहे हं मी. घ्या वेळ तुमचा.”

त्या वेळी ताई शेजारच्या खुर्चीवर बटणं लावत होती. तिच्यापासून लपवायला जागा अशी नव्हतीच, आणि मावशीला लपवायची गरजही वाटली नाही. ताईला काय ऐकू येणार आहे? मावशी रिसीव्हर मानेशी धरून, पाय हलवत, खुशाल हसायची, बोलायची, कानाच्या पैशांचंसुद्धा बोलायची.

“कोण गं?” ताई विचारायची.

“जुनी मैत्रीण,” मावशी ओठ रुंद करून सांगायची. ताई सुईत दोरा ओवायला लागायची.

आधी त्याने नोंदणी म्हणून किरकोळ रक्कम मागितली. ती मावशीने आपल्या निवृत्तीच्या पैशांतून पाठवून दिली. मग मुख्य गोष्ट आली. एक पेटी होती, शेवटची. त्या वर्षीची तशी पेटी पुन्हा मिळायची नाही. दुसरी गिऱ्हाइकं टपून बसली होती, पण त्याने मावशीच्या नावावर राखून ठेवली होती. वर्षभर धरून ठेवली की दामदुप्पट. मावशीने मनात हिशेब केला तो रुपयांचा नव्हताच. साधं यंत्र जाऊन चांगलं यंत्र येईल, ताईला माझा आवाज फोनवरसुद्धा ऐकू येईल, एवढाच तो हिशेब.

तरी मन खात होतं. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा. शेवटी एका संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानात गेली. आत शिरण्याआधी तिने दोन्हीकडे बघून घेतलं, कारण खडूस वकिलाने पाहिलं असतं तर इमारतभर झालं असतं. दुकानदार लठ्ठ, निवांत, टूथपिकने दात कोरत बसलेला. तिने वाइनचं नाव कागदावरून वाचून दाखवलं.

“हे आमच्याकडे नाही मिळत, मावशी. तुम्हाला काय करायचंय त्याचं?”

“धरून ठेवायचीय. भाव वाढतो म्हणे.”

त्याने टूथपिक बाजूला ठेवलं. “फोन आला होता का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“असली वाइन खरोखर असते, नाही असं नाही. जाणकार लोक घेतात, ठेवतात, कधी कमावतात, कधी बुडतात. पण ते स्वतः शोधत जातात, चार ठिकाणी चौकशी करतात. मला एक सांगा, एवढा घसघशीत फायदा असता तर त्या गड्याने स्वतःच्या मेव्हण्याला फोन केला नसता का? तुम्ही कोण त्याच्या? मी गेली कैक वर्षं बाटल्यांच्या धंद्यात आहे, मला कुणी फोन करून श्रीमंत करायला बघत नाही. पेटी पाहिली का तुम्ही? गोदाम कुठंय? तिथल्या माणसाशी बोललात? कंपनी खरी आहे का, सरकारदरबारी कुणाला विचारलंत?”

मावशी कानकोंडी झाली. एकही गोष्ट केली नव्हती. आणि आपली चूक दिसली की माणसाला दाखवणाऱ्याचाच राग येतो, तसा तिला दुकानदाराचा आला. दात कोरणारा माणूस, याला काय कळतं? त्याच्यापाशी आईची आठवण नव्हती, तिच्या गुडघ्यांची चौकशी नव्हती. घरी येईपर्यंत ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत राहिली. पण त्याचा एक प्रश्न तिला सोडेना, कारण तो तिच्या पेशातला होता. पलीकडच्या माणसाशी बोललात का?

ठरलं. पेटी घ्यायची, पण आधी गोदामातल्या माणसाशी जोडून मागायचं.

तिने बँकेतली ठेव मोडून पैसे बचत खात्यात आणून ठेवले होते. दोघींपैकी कुणाचीही सही चालायची. ठरलेल्या दिवशी सकाळीच ती बाहेर जायचे कपडे करून, पर्स मांडीवर घेऊन फोनपाशी बसली. बसली म्हणजे काय, उठत होती आणि बसत होती. ताई त्या दिवशी खुर्ची सोडून खाली, भिंतीला पाठ लावून छोट्या स्टुलावर बसली होती, एका परकराची शिवण उसवत. “तिथे का बसलीस, उजेड नाही,” मावशी खुणेने म्हणाली. ताईने मान उडवली.

फोन वाजला. मावशीने पहिल्या घंटीलाच उचलला.

“मावशी, निघालात का बँकेत?”

“निघालेच. पर्स हातात आहे.” ती हसली. “एक काम करा. मला एकदा तुमच्या गोदामातल्या माणसाशी जोडून द्या. माझी पेटी तिथे आहे एवढं त्याच्या तोंडून ऐकते आणि जाते.”

“अहो, माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुमच्यावर आहे हो. पण माझी सवय आहे ही, पलीकडचा माणूस बोलला की मला बरं वाटतं.”

“बरं, बघतो कोण आहे का. होल्ड करा हं.”

होल्ड करा हं! अगदी तिच्याच सुरात. मावशीने डोळे मिटले. आता मधेच तो येईल, आहात ना म्हणून विचारेल, मग गोदामवाला बोलेल, मग सगळं मनासारखं होईल.

होल्डचं संगीत काही लागलं नाही. टेबलावर काहीतरी ठेवल्याचा ठक असा आवाज झाला आणि एक अख्खी खोली तिच्या कानात उघडली. होल्डचं बटण दाबायचंच त्याच्याकडून राहिलं होतं. तळघरात पहिल्या आठवड्यात शिकाऊ पोरी हीच चूक करायच्या आणि जुन्या बाईंच्या शिव्या खायच्या. मावशीला एकदम त्याची दया आली. दुसऱ्याच्या खोलीतलं ऐकायचं नाही म्हणून तिने रिसीव्हर कानापासून थोडा दूरही धरला.

पण आवाज ओळखीचा होता. त्याचाच. दुसऱ्या कुठल्या तरी फोनवर तो बोलत होता.

“...नाही काकू, शेवटचीच पेटी आहे. तुमच्या नावावर राखून ठेवलीय.” जरा थांबून, खोल श्वास घेऊन, “खरं सांगू काकू? तुमचा आवाज ऐकला की माझी आई आठवते हो. ती गेली तेव्हा मी लांब होतो. शेवटचं बोलणंही फोनवरच झालं.”

आणि मग तो थांबला. जिथे मावशी ‘आहे हं मी’ म्हणाली होती, बरोबर तिथेच.

त्याच्यामागे आणखी आवाज होते, बायकांचे, पुरुषांचे. कुणाची काकू, कुणाचे काका, कुणाची शेवटची पेटी. कुणीतरी हसत होतं. कुणीतरी चहा मागवत होतं. गोदामाकडे जाणारी लाइन त्या खोलीत नव्हती. होल्डवर ठेवलेल्या माणसाला इथे कुणाशीच जोडून द्यायचं नव्हतं.

पहिल्यांदा तिला वाटलं ते पैशांचं नव्हतंच. तिला लाज वाटली, आणि राग आला, आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या आईचं. त्या बाईसाठी तिने दोन दिवस मनातल्या मनात हळहळ केली होती. कुठे होती ती बाई? होती तरी का?

ठक. तो परत आला. “मावशी, आहात ना?”

सवयीने ‘आहे’ हा शब्द जिभेवर आलाच. आपण फोन ठेवायचा नाही, त्याने ठेवायचा, त्याने आधी ठेवायचा. हात रिसीव्हरला चिकटला होता.

“मावशी? गोदामवाले बाहेर गेलेत. तुम्ही पैसे तर टाका, मग मी स्वतः—”

तिने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, समोरचा बोलत असताना, त्याच्या वाक्याच्या मधोमध. ठेवल्यावरही ती दोन्ही हातांनी रिसीव्हर दाबून उभी राहिली, उसळून वर येईल की काय अशी. फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. तिने उचलला नाही. प्रत्येक घंटीला तिचा खांदा उडत होता.

“कोण गं?” ताईने स्टुलावरून विचारलं.

मावशी तिच्याकडे वळली, तोंड मोठं उघडून, शब्द सुटे करून म्हणाली, “राँग नंबर.”

ती त्याच कपड्यांत, तीच पर्स घेऊन बँकेत गेली, आणि पैसे पुन्हा ठेवीत टाकून आली. काउंटरवरच्या बाईला तिने अडखळत सगळं सांगितलं. बाईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाली, “या महिन्यात आलेल्या तुम्ही पहिल्या नाही. पोलिसांत नोंदवा. नोंदणीचे गेलेले बहुतेक परत यायचे नाहीत, पण नोंदवा.” मावशीने नोंदवलं. येताना वाइनच्या दुकानासमोर थांबली. दुकानदाराने नजरेने विचारलं, तिने ‘नाही घेतली’ अशी मान हलवली. त्याने हात जोडले आणि पुन्हा दात कोरायला घेतले.

घरात मात्र तिने अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? ज्या पैशांसाठी ताई कानाकडे बोट दाखवून हौस गप्प करायची, तेच हिने त्या माणसाला द्यायला काढले होते. ते पोटात ठेवून ती महिनोन्महिने वावरली. खुर्ची खिडकीशी, खुर्ची भिंतीशी. आता फोन वाजला तरी दचकायची आणि नाही वाजला तरी. खरं तर, कुणाला सांगायची सोय नाही अशी गोष्ट, तिला त्या आवाजाची आठवणही यायची. गुडघ्यांची चौकशी लबाडीची होती, पण दुसरं कुणी लबाडीनेही करत नव्हतं.

शेवटी चांगल्या यंत्राचा नाद सोडून त्यांनी साधंच बसवून घेतलं. ताईच्या डोक्याला पट्टी, मग जखम भरली, मग एके दिवशी यंत्र चालू झालं. ताईला आधी सगळं जग पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखं वाटायचं. नळ, चमचे, स्वतःची पावलं, सगळ्याने ती वैतागायची. “यापेक्षा बहिरी बरी होते,” म्हणायची आणि पुन्हा कान टवकारायची. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, सराव हवा. सगळ्यात अवघड फोन, कारण तिथे ओठ दिसत नाहीत. या यंत्राने कदाचित जमेल, कदाचित नाही. रोज करून बघा.

मग काय, मावशीच्या अंगात जुनी ऑपरेटर संचारली. रोज सकाळी ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची, आणि दिवाणखान्यातल्या फोनवर ताईला लावायची. पहिले काही आठवडे नुसता गोंधळ. ती म्हणे ‘दूध आलं’, ताई म्हणे ‘कोण मेलं?’ हसून हसून दोघींची मुरकुंडी वळायची, एकीची भिंतीच्या अलीकडे, एकीची पलीकडे. पण हळूहळू शब्द लागायला लागले.

एका सकाळी तर अख्खं बोलणं एकदाही न अडखळता झालं. काय भाजी करायची, वकिलाचा जावई कसा दिसतो, परकराला नाडी कुठली. मावशीचा आनंद गगनात मावेना.

“जमलं की गं तुला! आता ठेव.”

“तू ठेव,” ताई म्हणाली.

“मी आधी नाही ठेवत. माहितेय ना तुला.”

“एकदा ठेवला होतास की. त्या वाइनवाल्याचा.”

मावशीच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. ताईने तोही ऐकला असणार.

“तुला... तुला कसं कळलं?”

“अगं, इतकी वर्षं तुझ्या ओठांकडे बघून जगतेय मी. तुला काय वाटलं, फोनवर बोलताना ओठ हलत नाहीत?”

मावशी खाली बसली, ओट्याला पाठ लावून. सगळं दिसलं होतं. मैत्रीण नव्हती हे, पेटी, कानाचे पैसे, बँक. हिने आयुष्यभर फोन म्हणजे फक्त आवाज एवढंच धरलं, आणि समोर बसलेली ताई सगळं पाहत होती.

“त्या दिवशी स्टुलावर का बसले होते मी?” ताई म्हणत होती. “फोनची वायर हातात धरून बसले होते, परकराच्या खाली. तू उठून दाराकडे निघालीस की उपटायची, म्हणजे त्याचा पुन्हा फोन यायला नको, आणि तुला दारातच अडवून सगळं विचारायचं.”

“मग आधीच का नाही उपटलीस?” मावशीचा आवाज, तो सुंदर आवाज, फाटला. “रोज बघत होतीस ना?”

मावशीला वाटलं, ऐकू आलं नसेल. ती पुन्हा विचारणार, एवढ्यात फोनमधून आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. ताईला आता आपला आवाज कळत होता.

“तू हसत होतीस गं. तळघरातून घरी आल्यापासून पहिल्यांदा. माझ्याशी बोलताना नुसती तोंड उघडायचीस. म्हटलं, शेवटपर्यंत बघू. तोवर अजून थोडं बोलू दे तिला.”

मावशीने पदर तोंडात कोंबला, पण ते लपलं नाही. तो हुंदका भिंतीतूनही गेला असणार आणि फोनमधूनही. तिला काही बोलता येईना आणि फोन ठेवताही येईना. बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. दिवाणखान्यात ताई खोकली.

“आहेस ना?” ताईने विचारलं.

“आहे,” मावशी म्हणाली.